दाराचा दिवा

त्या घराला बेल होती, पण तिला आवाज नव्हता. बाहेरचे बटण कुणी दाबले की बैठकीच्या खोलीत, चौकटीच्या वर लावलेला तांबडा दिवा उघडझाप करू लागे, आणि आई हातातले काम तसेच टाकून दाराकडे जाई. मुलगा लहान होता तेव्हा त्याला वाटायचे, जगातल्या सगळ्याच घरांत माणसे अशी उजेडाने येतात. पुढे एका मित्राच्या घरी घंटी वाजली तेव्हा तो असा दचकला की मित्राची आई पोट धरून हसली. आता तो मोठा झाला होता, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करत होता. तरी अजूनही कुठे काही लुकलुकले की त्याची मान आधी दाराकडे वळे.

आई आणि मावशी या दोघींचे कान एकाच तापात गेले होते. आई तेव्हा नुकती पावले टाकू लागली होती. मावशी तिच्याहून थोडी मोठी. त्या तापाने आईचा तोलही नेला. घरात भिंतीला हात लावत ती व्यवस्थित वावरे, पण गाडीत बसली की जमीन पालथी होते आहे असे वाटून ती डोळे मिटून घेई, आणि डोळे मिटले की तिच्यापाशी जगाचे काहीच उरत नसे. शाळा दोघींच्या वाट्याला आली नाही. लिहिता-वाचता येत नाही, ऐकू येत नाही, अशा दोन मुलींनी मग आपली भाषा आपणच करून घेतली. बोटे, भुवया, खांदे, गालांचा फुगा, एवढ्या सामानावर ती उभी होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, आणि ती पुरती जाणणारी माणसे साऱ्या जगात दोनच होती.

तरुणपणी दोघी एका मोठ्या धुलाईघरात इस्त्रीच्या कामाला होत्या. तिथल्या यंत्रांचा आवाज एवढा की ऐकणारी माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत, आणि तरी अर्धे वाक्य वाफेत विरून जाई. या दोघी मात्र दालनाच्या दोन टोकांना उभ्या राहून दिवसभर गप्पा हाणत. मुकादमाची टिंगल त्याच्या पाठीमागे नव्हे, त्याच्या डोक्यावरून चाले, आणि तो बिचारा समजे की पोरी माश्या हाकलताहेत. ही गोष्ट सांगताना आई अजूनही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे.

मुलाला या भाषेतले स्वयंपाकघर येत होते. बाजार येत होता, आजारपण येत होते, राग तर पुरेपूर येत होता. पण दोघी बहिणी एकमेकींशी बोलू लागल्या की तो उंबऱ्याबाहेर उभा असल्यासारखा होई. त्यांचे बालपण, त्यांचे गुपित, त्यांच्या मेलेल्या माणसांची नावे, हे सारे त्या बोटांतून त्याच्या डोळ्यांदेखत वाहत जाई आणि त्याच्या हाती काही लागत नसे. दोघींनी त्याला दिलेले नाव म्हणजे उजव्या कानाची पाळी चिमटीत धरणे. कान. घरातला ऐकू येणारा एकटा माणूस.

मावशी उशिरा, मुलगा मोठा झाल्यावर, लग्न होऊन दूरच्या गावी गेली, तिथेच एकटी उरली, आणि स्नायूंच्या रोगाने पाय निकामी झाल्यावर तिथल्याच एका शुश्रूषागृहात जाऊन पडली. हातांचे काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. कदाचित वर्षानुवर्षे काही होणारही नाही. आईने त्यातले शेवटचे वाक्य तेवढे ठेवून घेतले. तिला प्रवास अशक्य, मावशीला उठणे अशक्य. म्हणून मुलाने टॅबलेट आणला, घरात वाय-फाय घेतले, आणि मागच्या खोलीत खिडकीजवळ आईसाठी खुर्ची मांडली. हातांचे बोलणे दिसायला उजेड लागतो, आणि त्या घरात चांगला उजेड तेवढ्याच एका खोलीत येई. राउटर पुढे, बैठकीच्या खोलीतल्या लाकडी फळीवर. रोज दुपारी जेवणे आटोपली की तिकडची परिचारिका मावशीसमोर फोन धरून उभी राही, इकडे टॅबलेट उजळे, आणि दोघी बहिणी पुन्हा त्या वाफाळ दालनाच्या दोन टोकांना उभ्या राहत.

राउटरला दोन उभ्या दांड्या होत्या. आईने पहिल्याच दिवशी डोक्यावर दोन बोटे उभारून त्याचे बारसे केले. बोकड.

काही महिने बोकड सरळ वागला. मग एका संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा आई दारातच वाट पाहत होती.

"तिचे हात अडकतात," तिने सांगितले. आपला एक हात हवेत नेऊन तिने मध्येच तो गोठवला, आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवले. "असे. वाक्य निम्म्यावर आणि हात दगड. चेहरा चौकोन-चौकोन. मग एकदम भलतीकडेच. तुझा बोकड बिघडलाय."

मुलाने लगेच टॅबलेट घेतला. मागच्या खोलीत, आईच्या खुर्चीत, तिच्याच उंचीला डोके आणून तो बसला आणि सिग्नल पाहिला. भरपूर होता. एक चित्रफीत लावून पाहिली. ती ओढ्यासारखी वाहिली.

"आत्ता तर चांगलं आहे," तो म्हणाला.

"आत्ता मला कुणाशी बोलायचंय?" आईने विचारले.

तिथून ते सुरू झाले. मुलगा स्वभावाने अबोल. दोन अबोल माणसांच्या घरात वाढून त्याला शब्दांची नेहमी थोडी लाज वाटत आली होती. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे तो आजचा उद्यावर ढकली. तरी त्याने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी राउटर बंद करून, थोडे थांबून, पुन्हा चालू करायला सांगितले. त्याने केले. सगळे दिवे लागेपर्यंत धीर धरा, म्हणाल्या. त्याने धरला. आता चालतंय का, म्हणाल्या. चालत होते, संध्याकाळी ते नेहमीच चालत असे. "मग आपली तक्रार निवारण झाली असे समजू का?" या प्रश्नाला नाही म्हणण्याचे बळ त्याला गोळा करता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात पुन्हा अडकले.

त्याने राउटर भिंतीपासून पुढे ओढला. फळीवरचा लोखंडी पंखा हलवला. दांड्या सरळ उभ्या असाव्यात असे कुठेतरी वाचून त्याने त्या सरळ केल्या आणि आईला बजावले, "हे शिंग वाकडं दिसलं तर सरळ करत जा." आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. रोज संध्याकाळी तो आला की आधी फळीकडे बघे. दांड्या उभ्या असत. फक्त कधी डावी किंचित पुढे झुकलेली, कधी उजवी मागे रेललेली, जणू दिवसभर त्यांना कुणाचा तरी धक्का लागत होता. त्याने एकदा विचारलेही.

"तू याला हलवतेस का?"

"मी कशाला हलवू? जिथं ठेवलास तिथंच आहे की," आई म्हणाली, आणि ते अक्षरशः खरे होते.

शेवटी नेटवाला आला. पाठीला पिशवी, कानावर पेन्सिल, आणि घरात शिरताच भिंती ठोकून बघण्याची सवय. दाराचा दिवा लुकलुकला तेव्हा आईनेच त्याला आत घेतले होते, आणि तो तिच्याशी मोठमोठ्याने बोलत होता.

"तिला ऐकू येत नाही," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच मोठ्यानं बोलतोय," नेटवाला म्हणाला. मग त्याने राउटर उचलून, उलटा करून, पुन्हा जागेवर ठेवला. "यंत्र ठणठणीत आहे, दादा. हे बघा, यात दोन पट्टे असतात. एक पाचवाला, एक दोनवाला. पाचवाला पळतो जोरात, पण भिंत आली की त्याला धाप लागते. दोनवाला सावकाश, पण भिंतीतून पार जातो. तुमचा टॅब कुठल्यावर आहे?"

"आधी पाचवर होता. मग मी दोनवर केला."

"मग?"

"मग तसंच."

"तर मग परत पाचवर करा," नेटवाला निर्विकारपणे म्हणाला.

"काय म्हणतो हा?" आईने विचारले. कानाची पाळी धरून, म्हणजे नावाने हाक मारून.

"म्हणतो, भिंत जाड आहे."

"अक्कल जाड आहे त्याची. विचार त्याला, रोज संध्याकाळी ती भिंत पातळ होते का."

मुलाने हे सौम्य करून विचारले. नेटवाला विचारात पडला. दुपारी आजूबाजूची माणसे घरी असतात, सगळ्यांचे राउटर एकाच वाटेने धावतात, वाट तुंबते, असे त्याचे म्हणणे पडले. दोनवाल्या पट्ट्यावर तर जत्रा असते जत्रा. त्याने वाट बदलून दिली, म्हणजे चॅनेल बदलले, आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली, म्हणजे टॅबलेटने आपल्या मनाने इकडून तिकडे उड्या मारू नयेत. जाताना तो आईला मोठ्याने म्हणाला, "आता बघा, काकू, लोण्यासारखं चालेल." आईने त्याचे ओठ वाचले नाहीत, पण चेहरा वाचला.

"हा परत येणार नाही," तिने मुलाला सांगितले.

लोण्यासारखे काही चालले नाही. दिवस तसेच जात राहिले, आणि दर संध्याकाळी आई त्याला त्या दुपारचे तुटलेले तुकडे दाखवी. मावशी काहीतरी सांगत होती, एवढेच तिच्या हाती असे. हात कपाळाकडे गेला आणि थांबला. करंगळी उचलली आणि थांबली. कधी आईला पुढचे कळे, कधी नाही. हल्ली तर आठवड्यातून एखादेच वाक्य शेवटापर्यंत पोचे, आणि तेही औषधाचे किंवा जेवणाचे. गुजगोष्टी तर अडकलेल्याच राहत. आई ते अर्धे हात जपून ठेवल्यासारखे लक्षात ठेवी, आणि भाजी निवडता निवडता मध्येच थांबून एखादा हात स्वतः करून बघे, हा कुठे चालला असेल म्हणून. ते पाहिले की मुलगा आपल्या खोलीत निघून जाई. आपल्याला तीक्ष्ण कान देऊन देवाने कुणाचे काय भले केले, हा विचार अशा वेळी त्याच्या उशाशी येऊन बसे.

"हात आहेत तोवर ती आहे," आई एकदा म्हणाली. "आणि ते हात तुझा बोकड खातोय."

त्याला राग यायला हवा होता. आली ती फक्त लाज. आईने त्याच्याकडे आयुष्यात फार थोडे मागितले होते. हे एवढे मागितले, आणि तो हात जोडून एका काळ्या डबीसमोर उभा होता, जिचे सगळे दिवे ठीक होते.

दुकानात त्याचे लक्ष उडू लागले. काच घासण्याच्या चाकाचा एकसुरी आवाज त्याला एरवी आवडे. चाकावर पाणी ठिबकत राही, काचेची कड हळूहळू चौकटीच्या मापाला येई, आणि त्या वेळात कुणाशी बोलावे लागत नसे. पण त्या दिवशी मालकांनी तयार चष्मा उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"अरे, डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवलीस. हा माणूस घरी जाऊन बायको समजून शेजारणीला हाक मारेल."

"चुकलं."

"चुकलं ते दिसतंय. का चुकलं ते सांग."

मुलाने सांगितले. त्याला सांगायला वेळ लागला. मालकांनी तेवढ्यात दोन गिऱ्हाइके वाटेला लावली आणि तरी ऐकत राहिले.

"तर दुपारी बिघडतं," ते म्हणाले. "आणि तू बघतोस कधी?"

"संध्याकाळी. दुपारी मी इथं असतो."

"म्हणजे कुणी येऊन म्हणालं, मला अंधारात दिसत नाही, की मी त्याला भर उन्हात उभा करून तपासायचं. छान. ऊठ, घरी जा. आणि जाण्याआधी त्या काचा अदलून बसव, नाहीतर खरंच कुणाचा तरी संसार मोडशील."

दुपारचा रस्ता त्याला अनोळखी वाटला. दुकानांची अर्धी दारे लोटलेली होती, सावल्या भिंतींच्या पायाशी मुडपून बसल्या होत्या. जिन्यात कुणाच्या तरी जेवणाची भांडी वाजत होती. त्याने बटण दाबले नाही. आई बोलण्यात असणार, दिव्याने तिचे लक्ष मोडू नये म्हणून त्याने आपल्या किल्लीने दार उघडले.

बैठकीच्या खोलीत कुणी नव्हते. आणि फळीवर राउटरही नव्हता. तिथे एक पातेले पालथे होते.

घरातले सगळ्यात मोठे, जाड बुडाचे पातेले, ज्यात आई रात्रीचा स्वयंपाक करी. त्याच्या काठाखालून एक वायर शेपटासारखी बाहेर आली होती. मुलगा ते दृश्य पाहत उभा राहिला. मग त्याला हसू फुटले. इतक्या आठवड्यांचे साचलेले हसू. भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून तो हसला, आणि मग त्याच्या लक्षात आले की तोंड दाबायचे काही कारण नाही, या घरात कुणाला ऐकू जाणार नाही.

त्याने पातेले उचलले. दोन्ही दांड्या अंगाशी नीट दुमडलेल्या होत्या, झोपलेल्या जनावराच्या कानांसारख्या. पुढचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. त्याने दांड्या उभ्या केल्या आणि पातेले हातात घेऊन तो मागच्या खोलीत गेला.

आईने त्याला पाहिले, पातेले पाहिले, आणि ती चोरी पकडल्यासारखी लाजली.

"हे काय?" त्याने विचारले.

"तो बोलावतो," आई म्हणाली. तिने मूठ भराभर उघडून मिटून दाखवली. दाराच्या दिव्याची खूण. "मी इथं बसते, दार समोर दिसतं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तो लुकलुक, लुकलुक. कुणी आलं म्हणून मी मान वळवते. उठून बघून येते. कुणी नसतं. तेवढ्यात तिकडे तिचं निम्मं बोलून झालेलं. काही महिने तसंच चालवलं, मग झाकायला लागले. बोलणं झालं की काढते, तुझी शिंगं सरळ करते, आणि पातेलं घासून स्वयंपाकाला घेते. हलवत नाही हं मी त्याला."

चाळीस-पन्नास वर्षे ज्या बाईला लुकलुकता उजेड म्हणजे दाराशी उभे असलेले माणूस, तिने दुसरे काय करायचे होते? त्याने तिला समजावले, की हवेतून जे येते ते धातूतून येत नाही. पातेल्याखाली बोकडाचा जीव गुदमरतो. "मग सांगायचंस ना," आई म्हणाली. त्याने खिशातला रुमाल काढला, पुढे जाऊन राउटरच्या फक्त दिव्यांवर पसरला, आणि परत आला. कापडातून सिग्नल जातो, दिवा तेवढा जात नाही. इतके सोपे होते. पातेले त्याने पुढेच, बाहेरच्या दाराजवळ जमिनीवर ठेवून दिले.

आणि पडद्यावर मावशी स्वच्छ झाली.

आईने दोन्ही हात गालांवर ठेवले. चौकोन विरघळले होते. मावशीच्या कपाळावरची आठी दिसत होती, उशीच्या अभ्र्यावरची निळी किनार दिसत होती, मागच्या खिडकीचा पातळ पडदा वाऱ्याने फुगत-ओसरत होता तोसुद्धा धाग्याधाग्याने दिसत होता. मुलाला मावशीला असे पाहून किती दिवस झाले होते. तिने त्याला पाहिले, डोळ्यांनी हसली, आणि तिचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला. तिच्या कानाकडे तो निघाला. त्याला हाक मारायला.

खांद्याच्या थोडा खाली तो थांबला.

आईने मुलाकडे नाराजीने पाहिले. "बघ. अडकला."

मुलगाही क्षणभर तेच समजला. त्याने टॅबलेटच्या कोपऱ्यातल्या सिग्नलकडे पाहिले. तो पूर्ण होता. मग त्याने पुन्हा चित्राकडे पाहिले. मावशीचा हात हवेत होता तिथेच होता, बोटे चिमटीत यायच्या बेतात. आणि तिच्या मागे खिडकीचा पडदा फुगत होता, ओसरत होता, पुन्हा फुगत होता.

पडदा हलत होता. मावशीच्या पापण्या लवत होत्या. फक्त हात थांबला होता, आणि आता तो हळूहळू, पाण्यात बुडणाऱ्या वस्तूसारखा, चादरीवर परत येत होता.

मावशीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी आईसाठी. हात कपाळाकडे निघाला आणि छातीपाशी थांबला.

आईने लगेच पुढचा धागा धरला. "ऊन?" तिने खूण केली. मावशीने मान हलवली, नाही. "केस? केस धुवायचेत?" नाही. "मुकादम?" मावशी हसली, पण नाही. आईने आणखी एक खूण केली, मग आणखी एक. या खुणा मुलाला माहीत नसलेल्या होत्या, त्यांच्या बालपणातल्या असाव्यात. प्रत्येकीला मावशी मान हलवत होती, आधी भराभर, मग सावकाश, आणि शेवटी ती नुसती पाहत राहिली. तो शब्द तिच्या डोळ्यांत काठोकाठ होता. या जगात तो ओळखू शकणारी एकच बाई समोर बसली होती, आणि तिलाही तो ओळखता येत नव्हता.

तेवढ्यात टॅबलेटमधून आवाज आला. फोन धरून उभ्या असलेल्या परिचारिकेचा. आवाज अगदी स्पष्ट होता.

"कुणी आहे का तिथं, ऐकू येणारं? दादा? बरं झालं. मी रोज सांगतेय हो. आजींचे हात हल्ली उचलत नाहीत. निम्म्यात सुटतात. डॉक्टर म्हणाले, आता असंच होत जाणार. मी रोज ताईंना सांगते इथून, त्या नुसत्या मान डोलवतात." तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. "नंतर माझ्या लक्षात आलं, त्यांनाही ऐकू येत नाही. पण मग कुणाला सांगायचं, ते कळेना. माझ्याकडे नंबर या टॅबलेटचा तेवढाच."

रोज. म्हणजे पातेल्याखालून, भिंतीतून, दोनवाल्या आणि पाचवाल्या पट्ट्यावरून, चित्र तुटत असताना हा आवाज रोज दुपारी या खोलीत पोचत होता. खिडकीतल्या उजेडात, दोन मुक्या हातांसमोर तो येत होता, बोलत होता, आणि विरून जात होता.

आईने टॅबलेटच्या कडेला बोलायला पुढे वाकलेल्या परिचारिकेचे अर्धे तोंड हलताना पाहिले होते. ती मुलाकडे वळली. तिने आपल्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली.

"काय म्हणाली ती?"

मुलाने हात उचलले. या भाषेतले आजारपण त्याला येत होते. ताप येत होता, दुखणे येत होते, डॉक्टर येत होता. हात सुटतात, हे सांगायला फक्त आपला एक हात उचलून सोडून द्यायचा होता. इतकी ती खूण सोपी होती. आई त्याच्या हातांकडे पाहत होती. पडद्यावरून मावशीही पाहत होती, आणि तिने डोळे किंचित बारीक केले. ते नको म्हणणे होते की सांग म्हणणे, हे त्याला कळले नाही. कळायला त्यांची भाषा पुरती यायला हवी होती.

त्याने डोक्यावर दोन बोटे उभारली. बोकड.

"बघ," आई म्हणाली. "मी सांगतच होते. जा, नीट कर."

तो पुढच्या खोलीत आला. रुमाल काढला. नीट करण्यासारखे तिथे काही नव्हते. तरी त्याने हेल्पलाइनच्या बाईंनी सांगितले होते तसे बटण बंद केले. आत चित्र गेले असणार. तो थोडे थांबला. मग थोडे म्हणजे किती, ते न कळून आणखी थांबला. बटण पुन्हा दाबले. एकेक दिवा जागा झाला आणि हिरवा भराभर लुकलुकू लागला.

मागच्या खोलीतून आई आली, भिंतीला हात लावत. तिने लुकलुक पाहिली होती. ती त्याच्या अंगावरून दाराशी गेली, कडी काढली आणि दार उघडले. जिना रिकामा होता. वरच्या मजल्यावर भांडी वाजत होती, ती तिला ऐकू येत नव्हती. कुणी नाही हे दिसल्यावरही ती दार लावेना. चौकट धरून ती त्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहत राहिली, जणू येणाऱ्याला वर यायला उशीर होत असावा.

मग तिने दार लोटले. वाकून, तोल सांभाळत, तिने जमिनीवरचे पातेले उचलले आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या हातात दिले.

मावशीच्या खिडकीचा पडदा हलताना तिनेही पाहिला होता का, हे त्याने विचारले नाही. विचारायची खूण त्याला येत होती. आई परत आत गेली, खुर्चीत बसली, आणि टॅबलेट उजळायची वाट पाहू लागली.

त्याने एक दांडी दुमडली. मग दुसरी. मग पातेले फळीवर पालथे घातले, काठ वायरवर येऊ नये म्हणून जरा सरकवले, आणि आतल्या खोलीत चित्र तुटू लागेपर्यंत त्यावर हात ठेवून उभा राहिला.